शोभेच्या शतावरीची सुयागळ पुन्हा पुन्हा होत असेल, तर आधी सेटॅशियस की स्प्रेंगरी हे ठरवा

‘अ‍ॅस्परॅगस फर्न’ या नावाने मिळणारी शोभेची शतावरी काही काळ उत्तम वाढते आणि मग एकाएकी पिवळी पडू लागते. फांदीला नुसता धक्का लागला तरी बारीक सुयांचा सडा पडतो. पाणी वाढवून पाहिले, कमी करून पाहिले, खत घातले, जागा बदलली, तरी थोडे दिवस बरे गेल्यासारखे वाटून तीच गळ पुन्हा सुरू होते. या पुनरावृत्तीमागे माझ्या मते दोन कारणे एकत्र काम करतात. एक म्हणजे, या एकाच नावाखाली सेटॅशियस आणि स्प्रेंगरी अशा निदान दोन वेगळ्या जाती विकल्या जातात आणि त्यांची मुळे इतकी वेगळी असतात की एकीला मानवणारे पाणी दुसरीला घातक ठरते. दुसरे कारण असे की, उपाय लागू पडला की नाही हे आपण जुन्या फांद्या पाहून ठरवतो, आणि जुन्या फांद्यांवरून ते कळत नाही.

या दोन्हींपैकी एकही नेचे (फर्न) नाही. नेच्यांना फुले आणि बिया नसतात. ही दोन्ही झाडे फुलतात, फळतात आणि औषधी शतावरी व भाजीचा अ‍ॅस्परॅगस यांच्याच प्रजातीत मोडतात. हा भेद केवळ पुस्तकी नाही, कारण ‘फर्न आहे’ असे समजून दिलेली गर्द सावली आणि सतत ओली माती यांतूनच निम्म्या तक्रारी जन्माला येतात. ज्यांना आपण पाने समजतो तीही खरी पाने नव्हेत. ती पानांचे काम करणारी अतिशय आखूड फांद्यांची रूपे असून वनस्पतिशास्त्रात त्यांना क्लॅडोड म्हणतात. खरी पाने खवल्यांएवढी उरलेली असतात आणि मुख्य खोडावर त्यांचेच रूपांतर पुष्कळदा काट्यात झालेले असते. सोयीसाठी या लेखात क्लॅडोडना ‘सुया’ म्हटले आहे.

जात कशी ओळखावी

पहिली जात अ‍ॅस्परॅगस सेटॅशियस. जुन्या पुस्तकांत आणि पुष्कळ रोपवाटिकांत ती अजूनही ‘प्लुमोसस’ या नावाने आढळते. पुष्पगुच्छात फुलांमागे जी हिरवी, जाळीदार, धुरासारखी तलम पार्श्वभूमी असते ती बहुतेक वेळा हिचीच. हिच्या सुया केसासारख्या बारीक, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि दहा-पंधराच्या झुबक्यांनी येतात. उपफांद्या एकाच आडव्या पातळीत पसरत असल्यामुळे संपूर्ण फांदी दाबून सपाट केलेल्या त्रिकोणी पिसासारखी दिसते. झाड वयात आले की तारेसारखी लांब, आधार शोधणारी वेल सोडते. फुले बारीक पांढरी, आणि फळ पिकल्यावर जांभळट काळे होते.

दुसरी जात ‘स्प्रेंगरी’. तिचे वर्गीकरण दीर्घकाळ अ‍ॅस्परॅगस डेन्सिफ्लोरस या नावाखाली झाले. आता अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ तिला अ‍ॅस्परॅगस इथिओपिकस मानतात, आणि त्यामुळे एकाच झाडावर दोन वेगळ्या चिठ्ठ्या दिसू शकतात. ‘स्प्रेंगरी’ हे नाव इटलीतील नेपल्स येथे काम करणाऱ्या कार्ल लुडविग स्प्रेंगर या जर्मन वनस्पतितज्ज्ञावरून पडले. हिच्या सुया चपट्या, एक ते अडीच सेंटिमीटर लांब, साधारण एक-दोन मिलिमीटर रुंद आणि एकेका ठिकाणी मोजक्याच असतात. फांद्या कमानीसारख्या बाहेर झुकून कुंडीच्या कडेवरून लोंबतात आणि बोटांना टोचतात. फुले पांढरी किंवा किंचित गुलाबी, आणि फळे पिकल्यावर लालभडक.

एवढ्यावरूनही शंका राहिली, तर कुंडीतील मातीचा गोळा अलगद बाहेर काढून मुळे पाहावीत. स्प्रेंगरीच्या मुळांवर लांबट, पाणीदार, फिकट गाठी लगडलेल्या दिसतात. सेटॅशियसची मुळे बारीक ते किंचित जाडसर असतात. त्यांवर अशा फुगीर गाठी नसतात. मूळ दक्षिण आफ्रिकेच्या परिसरातील या दोन बहिणींमध्ये कुंडीत झाड सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा फरक हाच आहे, आणि तो नेमका मातीखाली दडलेला असल्यामुळे नजरेतून सुटतो. कोल्ह्याच्या शेपटीसारखे सरळ, गच्च तुरे येणारा ‘मेयरी’ हा प्रकारही गाठी धरणारा आहे. पाण्याच्या बाबतीत त्याला स्प्रेंगरीप्रमाणेच वागवावे.

गळीचे मूळ पाण्यात का असते

स्प्रेंगरीच्या गाठी म्हणजे तिचा पाण्याचा साठा होय. माती काही दिवस कोरडी राहिली तरी झाड या साठ्यावर निभावते, परंतु माती सतत ओली राहिली तर त्याच गाठी आधी कुजतात, कारण मांसल, पाणीदार ऊतींना हवा न मिळाल्यास त्या लवकर सडतात. अशा झाडाची कुंडी ओली असताना फांद्या पिवळ्या पडतात, पिवळेपणा बुडापासून आणि आतल्या बाजूने वर चढतो, आणि माती हुंगल्यास आंबट, कुजकट वास येतो. गाठी दाबून पाहाव्यात. निरोगी गाठ टणक असते, सुकत चाललेली गाठ सुरकुतलेली पण शाबूत असते, आणि कुजलेली गाठ बोटाखाली फुटून पाणी सोडते. सुरकुतलेल्या गाठीला पाणी हवे आहे. फुटणाऱ्या गाठीला ते नको आहे. वरून दोन्ही झाडे अगदी सारखीच पिवळी दिसतात, म्हणून केवळ वरचा रंग पाहून पाण्याचा निर्णय घेऊ नये.

सेटॅशियसजवळ असा साठा नसतो. तिच्या मातीचा गोळा एकदा पूर्ण वाळला की सर्वांत बारीक मुळ्या मरतात आणि त्याची शिक्षा फांद्यांना उशिरा मिळते. इथेच बहुतेकांची फसगत होते. माती वाळते तेव्हा झाड हिरवेच असते. सुया पिवळ्या पडून झडू लागतात त्या नंतर, पुष्कळदा तोपर्यंत पाणी घालून झालेले असते. मग ओल्या मातीत उभे असलेले पिवळे झाड पाहून ‘पाणी जास्त झाले’ असा निष्कर्ष निघतो, पाणी तोडले जाते, गोळा पुन्हा वाळतो आणि पुढची गळ ओढवते. याच्या उलट, पिवळेपणा पाहून घाबरून रोज पाणी ओतणारेही असतात. तेव्हा अर्धमेल्या मुळ्यांना ते पाणी शोषता येत नाही, माती चिकचिकीत राहते आणि उरलेली मुळेही जातात. दोन्ही वाटांनी एक चक्र तयार होते, ज्यात प्रत्येक उपाय मागच्या घटनेवर केलेला असतो आणि पुढच्या घटनेचे कारण बनतो.

हे चक्र तोडायचे तर वारांवर किंवा तारखांवर पाणी घालणे आधी थांबवावे. सेटॅशियसच्या कुंडीत बोट घालून पाहावे. वरचा सुमारे दोन सेंटिमीटरचा थर कोरडा लागला आणि त्याखाली ओलसरपणा जाणवला, तर ती पाण्याची योग्य वेळ आहे. स्प्रेंगरीच्या बाबतीत निम्मी कुंडी कोरडी होईपर्यंत थांबण्यास हरकत नाही. तिथे बोटापेक्षा वजन अधिक विश्वासार्ह ठरते: पाणी घालून निथळल्यानंतर कुंडी एकदा उचलून तो भार लक्षात ठेवावा आणि पुढे ती स्पष्टपणे हलकी झाल्यावरच पाणी द्यावे. पाणी मात्र दोघींनाही देताना भरपूर, तळातून बाहेर येईपर्यंत द्यावे आणि बशीत साचलेले ओतून टाकावे. अर्धा पेला पाणी वरून शिंपडण्याची सवय सर्वांत वाईट, कारण त्याने वरचा थर ओला दिसतो आणि गोळ्याचे मध्य कोरडेच राहते.

पाणी घालूनही झाड तहानलेले राहते तेव्हा

स्प्रेंगरीमध्ये एक वेगळाच प्रकार आढळतो. पाणी नियमित घातले जाते, ते तळातून लगेच बाहेरही येते, तरीही झाड सुया टाकत राहते. अशा वेळी कुंडीत माती जवळजवळ उरलेलीच नसते. गाठींनी तिची जागा घेतलेली असते, त्या वाढून कुंडीच्या भिंतींवर दाब देतात (प्लास्टिकची कुंडी फुगते आणि पातळ मातीची कुंडी तडकूही शकते), आणि ओतलेले पाणी गोळा व भिंत यांच्या फटीतून सरळ खाली निघून जाते. तात्पुरता उपाय म्हणून कुंडी पाण्याच्या बादलीत, बुडबुडे येणे थांबेपर्यंत, अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावी आणि नंतर पूर्ण निथळू द्यावी. खरा उपाय मात्र विभाजन हाच आहे.

विभाजन करताना धारदार चाकूने किंवा छोट्या करवतीने गोळ्याचे उभे भाग करावेत. प्रत्येक भागात वरच्या गड्ड्याचा (फांद्या आणि मुळे जिथे जुळतात त्या भागाचा) तुकडा, त्यावरील काही जिवंत फांद्या किंवा कोंब आणि खाली पुरेशी मुळे आलीच पाहिजेत, कारण नवे कोंब फक्त गड्ड्यातून फुटतात. सुट्या झालेल्या गाठी कितीही टणक असल्या तरी त्यांपासून झाड तयार होत नाही; त्या लावून वाट पाहण्यात अर्थ नाही. गोळा फारच दाट असल्यास काही गाठी छाटून टाकल्या तरी स्प्रेंगरी ते सहन करते. सेटॅशियसवर मात्र असा धडाका करू नये. तिच्या बारीक मुळ्या तुटल्या की ती दीर्घकाळ रुसून बसते. म्हणून तिला शक्यतो न फोडता एकच आकार मोठ्या कुंडीत हलवावे आणि वाढ सुरू होण्याच्या दिवसांतच ते करावे. फार मोठी कुंडी घेण्याचा मोह टाळावा, कारण ज्या मातीपर्यंत मुळे पोहोचत नाहीत ती ओलीच राहते आणि कुज तिथूनच सुरू होते.

मिश्रण दोघींसाठी हलके, निचरा होणारे आणि किंचित आम्लधर्मी असावे. स्प्रेंगरीच्या मिश्रणात जाडसर वाळू किंवा पर्लाइटचे (पांढऱ्या, हलक्या खनिज कणांचे) प्रमाण वाढवावे; सेटॅशियससाठी कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचे कुजलेले खत थोडे अधिक घालावे, म्हणजे ओल टिकते.

पिवळेपणा कुठे आणि कसा दिसतो

पाण्याचा हिशेब जुळूनही गळ थांबली नाही, तर पिवळेपणाची जागा बारकाईने पाहावी. झाडाच्या पोटातील, सर्वांत जुन्या फांद्या एकेक करून पिवळ्या पडत असतील आणि बाहेर नवे कोंब येत असतील, तर त्यात काळजीचे काही नाही. फांद्यांनाही आयुष्य असते. पोटातील फांद्या झपाट्याने जात असतील आणि नवे कोंब लांबट, विरळ सुयांचे येत असतील, तर प्रकाश अपुरा आहे. सावलीत ठेवलेली स्प्रेंगरी हे लक्षण विशेष दाखवते, कारण तिला कोवळे सकाळचे ऊन मानवते आणि हळूहळू सवय लावल्यास त्याहून अधिकही चालते. सेटॅशियसला उजेड भरपूर पण गाळीव हवा. थेट दुपारच्या उन्हात तिच्या सुया पिवळ्या होण्याऐवजी पांढरट, करपल्यासारख्या होतात आणि हा बदल फक्त उन्हाच्या बाजूला दिसतो. प्रकाश बदलायचा तो टप्प्याटप्प्याने; अंधाऱ्या कोपऱ्यातून एकदम उन्हात नेलेली दोन्ही झाडे सुया टाकतात आणि मग नवी जागाच दोषी ठरते.

संपूर्ण झाड फिकट पोपटी झाले आहे, पण सुया झडत नाहीत, अशी स्थिती असेल तर ती बहुधा खताची उपासमार आहे. वाढीच्या दिवसांत द्रवरूप संतुलित खत, पाकिटावरील मात्रेच्या निम्मे पातळ करून, महिन्यातून एकदा-दोनदा पुरते. जुन्या फांद्या हिरव्या आणि फक्त नवे कोंब पिवळट येत असतील, तर झाडाला लोह मिळत नसल्याची शक्यता अधिक. माती अल्कधर्मी झाली की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, आणि जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने नेमके हेच घडते. सुयांची फक्त टोके तपकिरी होत असतील आणि मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर साचलेला असेल, तर क्षार वाढले आहेत. कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीनपट साधे, शक्यतो मृदू पाणी हळूहळू ओतून माती धुऊन काढावी आणि खताला काही काळ सुट्टी द्यावी.

सुयांवर बारीक ठिपके, धुरकट राखाडी छटा आणि फांद्यांच्या बेचक्यांत अतिसूक्ष्म जाळी दिसली, तर तो लाल कोळी होय. पांढरा कागद खाली धरून फांदी झटकावी. कागदावर पडलेले कण चालू लागले तर शंका उरत नाही. कोरड्या, उष्ण हवेत तो फोफावतो, म्हणून वातानुकूलन किंवा हीटरच्या झोताजवळची सेटॅशियस त्याला हमखास बळी पडते. आधी झाड आडवे धरून पाण्याच्या फवाऱ्याने सर्व बाजूंनी धुवावे, नंतर कीटकनाशक साबणाचे पातळ द्रावण काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा फवारावे, कारण पहिल्या फवारणीत अंडी वाचतात. तेलकट फवारे सेटॅशियसच्या दाट जाळीत अडकून राहतात. आधी एकाच फांदीवर प्रयोग करून पाहावा आणि उन्हात फवारू नये. स्प्रेंगरीच्या बुडाशी कापसासारखे पुंजके दिसल्यास पिठ्या ढेकूण आणि खोडावर न हलणारे तपकिरी ठिपके दिसल्यास खवले कीड समजावी. ही कीड मोजकी असल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून निघते.

हवेतील ओलाव्याविषयी एक सांगणे आवश्यक वाटते. सेटॅशियसला दमट हवा आवडते हे खरे, पण दिवसातून एकदा पाण्याचा फवारा मारल्याने हवा दमट होत नाही. ते पाणी थोड्याच वेळात उडून जाते. झाडे एकमेकांजवळ ठेवणे किंवा ओल्या खड्यांच्या तबकावर, तळ पाण्याला न लागेल अशी कुंडी ठेवणे, हे उपाय थोडे तरी टिकाऊ आहेत. स्प्रेंगरीसाठी ही खटपट बहुधा अनावश्यक ठरते.

उपाय लागू पडला, हे कशावरून ओळखावे

पिवळी झालेली सुई पुन्हा हिरवी होत नाही आणि सुया झडून उघडी पडलेली फांदी सहसा पुन्हा भरत नाही. पाण्याची पद्धत बदलल्यानंतरही ज्या फांद्यांचे नुकसान आधीच झालेले आहे त्या काही आठवडे झडत राहतील, आणि ही गळ म्हणजे उपाय फसल्याची खूण नव्हे. याच टप्प्यावर बहुतेक जण धीर सोडून दुसरा उपाय, मग तिसरा उपाय करतात आणि झाडाला एकाही बदलाशी जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही. नजर गड्ड्यावर ठेवावी. मातीतून नवे कोंब वर येत असतील, ते जाडसर आणि हिरवे असतील, तर मुळे सावरली आहेत, मग वरचे झाड कितीही केविलवाणे दिसो. नवे कोंब निघून सुया उलगडण्याआधीच काळवंडत असतील, तर मातीखालची अडचण कायम आहे.

नवा कोंब सुरुवातीला सुयांशिवाय, नुसत्या हिरव्या काडीसारखा वर येतो. सेटॅशियसमध्ये तर तो फूटभर लांब होईपर्यंत उघडाच राहू शकतो. त्याला वाळलेली फांदी समजून कापू नये. वाळलेल्या फांद्या मात्र मातीलगत, बुडाशी कापाव्यात. अर्ध्यावर छाटलेली स्प्रेंगरीची फांदी छाटलेल्या टोकापासून वाढत नाही आणि उरलेला दांडा हळूहळू पिवळा पडतो, ज्यामुळे गळ परत आल्याचा भास होतो. छाटताना हातमोजे घालावेत, कारण काटे दोघींनाही आहेत आणि रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. दोन्ही झाडे मांजर-कुत्र्यांसाठी विषारी असून फळे खाल्ल्यास त्यांना उलट्या-जुलाब होऊ शकतात.

सर्वच फांद्या गेल्या असतील, तर सगळे झाड मातीलगत कापून गड्डा तपासावा. तो टणक असेल आणि निदान काही मुळे फिकट, ताठ असतील, तर काळी, मऊ मुळे कापून ताज्या मिश्रणात लावावे. उजेडाच्या जागी ठेवून, स्प्रेंगरी असल्यास माती जवळपास कोरडी आणि सेटॅशियस असल्यास जेमतेम ओलसर राखावी. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली राहत असेल, तर कोंबांची घाई करू नये. थंडीत दोन्ही जाती थांबतात आणि त्या काळात घातलेले जादा पाणी गड्डाच संपवते. बाहेर ठेवलेल्या स्प्रेंगरीच्या फांद्या हलक्या हिमाने मेल्या तरी ती पुष्कळदा गड्ड्यातून पुन्हा फुटते. सेटॅशियसकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

गड्डा मऊ पडून वास मारत असेल, तर तो वाचत नाही. अशा वेळी, तसेच विभाजनात उरलेले निरोगी तुकडे फेकताना, ते मोकळ्या जागी किंवा ओढ्याकाठी टाकू नयेत. दोन्ही जातींची फळे पक्षी खातात आणि बिया दूरवर पोहोचवतात; याच गुणामुळे ऑस्ट्रेलियात या दोघींचा समावेश राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत झालेला आहे, आणि स्प्रेंगरी फ्लोरिडा व हवाई येथेही उपद्रवी ठरली आहे. पिकलेली फळे आणि जिवंत गड्डे पिशवीत बंद करून कचऱ्यात द्यावेत. नुसत्या फांद्या आणि सुट्या गाठी खताच्या खड्ड्यात गेल्या तरी चालते.